गव्हाणीतले दाणे

"काळ्या शेंगा उकिरड्यावर टाकू," एवढंच ठमाबाई म्हणाली होती, आणि तेवढ्यावरून सकाळी सकाळी अंगणात जुंपली.

परतीच्या पावसानं यंदा वणीच्या बाजूला बरोबर डाव साधला होता. भुईमूग उपटून रानात ढीग घातले, आणि दुपारी डोंगराकडून आभाळ असं वाकलं की घरून ताडपत्री येईपर्यंत निम्मे ढीग चिखलात बसले. तिथली माती काळी. एकदा चिकटली की लग्नातल्या रुसलेल्या पाहुण्यासारखी, हलायचं नाव नाही. ढिगातल्या वरच्या शेंगा वाचल्या. खालच्यांवर ऊन पडेपर्यंत काळे डाग चढले. फोडून पाहावं तर आत दाणा सुरकुतलेला, त्यावर हिरवट भुकटी, आणि वास पावसाळाभर बांधून ठेवलेल्या गोधडीचा.

ठमाबाई आणि तिची सून सुवर्णा सुपं घेऊन शेंगा निवडत होत्या. ठमाबाईचा नवरा सावळीराम बाजेवर बसून हुकूम सोडत होता. त्याच्या घरात शेंगांचे तीन वाटे करायची रीत होती. पहिली पाटी सप्तशृंगीची. तिच्यात एक शेंग वाकडी सापडली तर तो दिवसभर तोंड वाकडं करून फिरायचा. दुसरा वाटा बाजाराचा, तो गोण्या शिवून पिंपळगावला जायचा. तिसरा वाटा घरचा. म्हणजे जे देवीला शोभत नाही आणि व्यापारी हातात धरत नाही, ते. "हसरं बाजाराला, रडकं घराला," असं सावळीरामाचा बाप सांगायचा. बापाची जमीन चार भावांत वाटली गेली होती, पण अक्कल सगळीच्या सगळी एकट्या सावळीरामाच्या वाट्याला आली होती.

"उकिरड्यावर कशाला?" तो म्हणाला. "घर हाय ना."

ठमाबाईनं सूप खाली ठेवलं. "घर आन् उकिरडा, दोन्ही एकच दिसाया लागलं का तुम्हाला?"

त्यावर सावळीरामानं आपली सगळी वंशावळ उभी केली. त्याच्या आजीनं जन्मभर असलेच दाणे खाल्ले, ती काही मेली नाही. ठमाबाईनं आठवण करून दिली की आजी मेली, आणि तीही पोट फुगून, कावीळ होऊन. सावळीराम म्हणाला, ते वेगळं. भाजले की सगळा दोष जातो, शेंगदाणा म्हणजे गरिबाचा बदाम, आणि बदाम थोडा डागाळला म्हणून कोणी फेकून देतं का. ठमाबाईनं विचारलं, तुम्ही बदाम बघितला कुठं. गणपतीच्या प्रसादात एक तुकडा आला होता तो तर तुम्ही पाकिटात ठेवला होता, पुढच्या गणपतीला परत चालवायला. सुवर्णाला हसू आलं, ते तिनं पदरात धरलं.

देवीला चांगल्या शेंगा द्यायला ठमाबाईची ना नव्हती. तिला एवढंच कळत नव्हतं, की जिला खायची गरज नाही तिला टपोरे, आणि जी दोन जिवांची आहे तिला काळे, हा कुठला न्याय.

सुवर्णाला सातवा महिना लागला होता. अंगानं मुळातच बारीक, त्यात रक्त कमी. उठताना भिंत धरायची, हापशावरून एक हंडा आणला की उंबऱ्यावर बसून राहायची. गावातली आशा कार्यकर्ती मोहिनी दर थोड्या दिवसांनी येऊन तिचं बोट टोचून जायची आणि जाताना कपाळाला आठी घालायची. लोहाच्या गोळ्या तिनं दिल्याच होत्या. वर सांगितलं होतं, की रोज मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा खायचा. एक दिवस पाटीभर आणि मग आठ दिवस काही नाही, असं करायचं नाही. रोज, आणि मूठभरच. खारवलेले नकोत, तळलेले नकोत. अंगाला जोर येईल, बाळाचं वजन भरेल, आणि चांगली सवय लागली तर पुढं म्हातारपणी काळजालाही बरं.

हे ऐकून सावळीरामाची छाती भरून आली होती. औषध असं निघालं की जे विकत आणायचं नाही. "आपल्या घरात शेंगदाण्याला काय तोटा?" असं मोहिनीला सांगून त्यानं डालड्याचा जुना डबा घासायला लावला, तिसऱ्या वाट्यातल्या शेंगा फोडून भरला आणि सुनेच्या हाती दिला. मग गावभर सांगत फिरला, की आमची सून रोज दाणे खाते, शहरातल्या बायांना मिळत नाही असा खुराक आहे.

खुराक सुवर्णाच्या गळ्याखाली उतरत नव्हता. पहिला दाणा नुसता खवट लागायचा, दुसरा कडू, तिसऱ्याला मळमळायचं. तिनं एकदा हळूच सासऱ्याला सांगून पाहिलं. तो म्हणाला, औषध कडूच असतं. नवऱ्याला, महेशला, फोनवर सांगितलं. महेश पिंपळगावच्या द्राक्षांच्या एका गोडाउनवर टेम्पो चालवायचा आणि शनिवारी घरी यायचा. टेम्पो हाकताना तो रस्त्यावरच्या कोणाचं ऐकायचा नाही, आणि घरात आला की बापापुढं त्याचा हॉर्नसुद्धा वाजायचा नाही. तो म्हणाला, आबा म्हणतात म्हणजे बरोबरच असेल. ठमाबाईनं डब्यातले काळे दाणे वेचून टाकायला सुरुवात केली, तर सावळीराम संध्याकाळी डबा हलवून बघायचा आणि कमी झालेला भरून ठेवायचा.

पुढच्या वेळी मोहिनीनं बोट टोचलं आणि रक्त होतं तिथंच होतं. सुनेचं वजनही जागचं हललं नव्हतं. मोहिनीला वाटलं ही खातच नाही. तिनं सुवर्णाला उंबऱ्यात बसवून चांगलं झापलं, की माझ्यासमोर हो म्हणतेस आणि मागं डबा तसाच ठेवतेस, हे पोट काय माझं आहे का. सुवर्णा खाली बघत राहिली. घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हे तिला माहेरीच शिकवून पाठवलं होतं. चुलीपुढं बसलेल्या ठमाबाईनं ते ऐकलं. फुंकणी हातात होती, ती कोणाच्या पाठीत घालावी हे तिला चांगलं माहीत होतं, पण तो माणूस तेव्हा डेअरीवर होता.

आता गाईचं सांगायला हवं.

सावळीरामाची गाय, चंद्री, नुकतीच व्यायली होती. दूध भरपूर, आणि फॅट असं की डेअरीच्या फळ्यावर सावळीरामाचं नाव सगळ्यांत वर. त्या फळ्याखाली तो रोज थोडा वेळ उगाच उभा राहायचा, चप्पल झटकायचा, पाणी प्यायचा, म्हणजे आल्यागेल्याचं लक्ष जावं. काळ्या शेंगांतला अगदीच वाईट गाळ तो भरडून चंद्रीच्या आंबोणात मिसळायचा. घरच्यांनी खायचं आणि गाईनं खायचं यात त्यानं तोवर तरी भेदभाव केला नव्हता.

मग एका सकाळी डेअरीवाल्या कुंदननं त्याचा कॅन परत केला. वरच्या केंद्रात दूध तपासलं होतं आणि सावळीरामाच्या दुधात बुरशीचं विष सापडलं होतं. कुंदननं चार लोकांत विचारलं, "तात्या, गाईला काय चारता?" सावळीरामानं चाचरत सांगितलं. कुंदनला खरं तर राग आला होता, पण तो समजावून सांगणारा माणूस होता. तो म्हणाला, दाणा चांगला असेल तर गाईला काय, माणसाला काय, अमृत आहे. पण ओलावा धरून बुरशी चढली की त्याच दाण्यात विष तयार होतं. ते भाजून जात नाही आणि धुऊनही जात नाही. वरची भुकटी पुसली तरी आत राहतं. एका दिवसात काही दिसत नाही. रोज थोडं थोडं पोटात गेलं की लिव्हर नासवतं, भूक मारतं, वाढत्या जिवाची वाढ खुंटते. आणि दुभत्या जनावराच्या दुधात उतरतं.

"पुन्हा सापडलं तर तुमचं दूध बंद," कुंदन म्हणाला, आणि फळ्यावरचं पहिलं नाव बोटानं पुसलं.

सावळीराम घरी आला तो प्रेतयात्रेतून आल्यासारखा. आल्या आल्या गोठ्यात शिरला, गव्हाण झाडली, भरड्याचं पोतं रिकामं केलं, पाण्यानं घासून काढलं. मग बाजारासाठी शिवलेल्या गोण्यांकडं बराच वेळ बघत बसला. शेवटी एकीची सुतळी सोडली. अंगणात बसून, नाकावर चष्मा चढवून, एकेक शेंग फोडून, एकेक दाणा उन्हाकडं धरून त्यानं निवडला. दुकानातल्या सरकीच्या ढेपेवर आता त्याचा भरवसा उरला नव्हता. ओली बाळंतीण गाय, तिला जोर हवा म्हणून दाण्यांबरोबर गूळही काढला, तोही डब्यातला पिवळाधमक. मूठभर दाणे, वर गुळाचा खडा.

ठमाबाई दारात उभी राहून बघत होती. मोहिनीनं सुनेला सांगितलेलं औषध अगदी सांगितल्यासारखं गाईला चाललं होतं.

ती काही बोलणार होती, तेवढ्यात सावळीराम उठला. गाईसाठी भरडायचे राहिलेले काळे दाणे त्यानं पाटीत जमवले होते. ती पाटी घेऊन तो घरात गेला आणि डालड्याच्या डब्यात ओतू लागला.

"हे काय चाललंय?" ठमाबाईनं विचारलं.

"वाया कशाला घालवायचं?"

"कुंदन काय म्हणला ते तुम्हीच सांगितलं ना आत्ता? विष दुधात उतरतं म्हणून?"

"गाईच्या."

"आन् बाईच्या नाय उतरत?"

सावळीराम डब्याचं झाकण बसवत होता. ते घट्ट बसत नव्हतं, म्हणून त्याचं सगळं लक्ष तिकडं होतं. तो सहज म्हणाला, "बाईचं दूध काय डेअरीला जातं?"

माजघरात सुवर्णा भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. मग थोड्या वेळानं परत सुरू झाला, पण आधीपेक्षा हळू.

ठमाबाई त्या माणसाशी उभा जन्म भांडत आली होती. भांडण हा त्या घरातला दुसरा स्वयंपाक होता, दोन वेळा व्हायचा. पण त्या दिवशी ती एक शब्द बोलली नाही. सावळीरामाला वाटलं, पटलं असेल. ज्याला काही कळत नाही त्याला सगळ्यांना पटल्यासारखंच वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोन पाट उचलले, सुवर्णाचा हात धरला आणि तिला गोठ्यात नेलं. गोठा रस्त्याला लागून होता, पुढून उघडा. डेअरीला जाणारं अख्खं गाव त्याच रस्त्यानं किटल्या घेऊन जायचं. तिनं गव्हाणीच्या एका अंगाला पाट मांडले, सुनेला बसवलं, स्वतः बसली. गव्हाणीत चंद्रीसाठी निवडलेले दाणे होते, गुळाचा खडा होता. ठमाबाईनं त्यातले मूठभर दाणे काढून सुवर्णाच्या ओंजळीत घातले आणि गूळ दगडावर ठेवून दोन तुकडे केले. एक गाईपुढं ठेवला, एक सुनेच्या हातात दिला.

"खा," ती म्हणाली. "सावकाश. चावून खा."

सुवर्णा लाजेनं अर्धी झाली. चंद्रीनं एकदा मान वळवून या नव्या सोबतिणींकडं पाहिलं आणि आपलं तोंड चालू ठेवलं.

सगळ्यांत आधी भाग्यश्री आली, पलीकडच्या मळ्यातली. तिनं विचारलं, ठमाकाकू, घरात जागा नाही का. मागून आणखी दोघी आल्या, मग किटली सायकलला अडकवून नाथा आला आणि उतरून उभा राहिला. त्याला डेअरीला उशीर झाला तरी चालत होतं, गोष्ट मात्र चुकायला नको होती.

"चंद्रीच्या वशिल्यानं खातोय बाई," ठमाबाई मोठ्यानं म्हणाली. "या घरात चांगला दाणा हितंच मिळतो. ती दूध घालती, तिच्या पोटात काय गेलं ते सांगणारं मशीन हाय. सुनेच्या पोटात काय गेलं ते कोण सांगणार? म्हणून म्हणलं, दाणं जिकडं हायेत तिकडं जाऊन बसू."

तेवढ्यात मोहिनी आली. ती पोलिओच्या कामाला निघाली होती. सुवर्णाला गोठ्यात बसलेली पाहून ती आत शिरली, पण काही विचारायच्या आधीच ठमाबाईनं पदराखालचा डालड्याचा डबा पुढं केला. मोहिनीनं झाकण काढलं, आणि वास येताच मान मागं घेतली. एक दाणा दोन बोटांत दाबला. हिरवट भुकटी बोटांना लागली.

"हे खात होतीस?" तिनं सुवर्णाला विचारलं.

सुवर्णानं मान हलवली.

"आणि मी तुला बोलले." मोहिनी तिच्याजवळ खाली बसली. तिनं फक्त साडीच्या पदराला बोटं पुसली, पुन्हा पुन्हा पुसली.

सावळीराम रिकामा कॅन घेऊन परसातून आला आणि रस्त्यावर जमलेली माणसं पाहून जागीच थबकला. मग तरातरा गोठ्यात आला. आधी म्हणाला उठा. मग म्हणाला लोक बघतात. मग म्हणाला, घराण्याची अब्रू चालली.

"तुम्ही अब्रू गोठ्यात बांधून ठेवलीया," ठमाबाई म्हणाली. "आम्ही तिला सोबत करतोय."

नाथा मोठ्यानं हसला. बायकांनी पदर तोंडाला लावले. सावळीरामाचे कान लाल झाले. त्यानं मोहिनीच्या हातातला डबा ओढून घेतला, त्यात बोटं घालून वरवर चाळलं, अगदी कुळकुळीत होते ते दाणे वेचून फेकले आणि उरलेले ओंजळीत घेतले. नुसते सुरकुतलेले, थोडे पिवळट, एकदोन डागाळलेले. ही त्याच्या लेखी मोठी उदारता होती.

"हे घ्या. निवडून दिलं," तो सुवर्णापुढं ओंजळ धरून म्हणाला. "हे काय वाईट हायेत का? घे पोरी, आन् घरात चल."

सुवर्णानं त्या दाण्यांकडं पाहिलं. लग्न होऊन आल्यापासून तिनं या माणसासमोर मान वर केली नव्हती. पाणी देताना त्याच्या पायाकडं बघायची, वाढताना ताटाकडं. आता तिनं गव्हाणीला हात टेकला आणि उठून उभी राहिली. उभी राहताना डोळ्यांपुढं अंधारी आली असावी, कारण क्षणभर तिनं डोळे मिटून घेतले. मग उघडले.

"मामंजी," ती म्हणाली, "आधी गाईला घाला. तिनं खाल्लं की मी खाते."

आवाज मोठा नव्हता, पण रस्त्यापर्यंत गेला.

सावळीरामाची ओंजळ तशीच होती. चंद्रीला मात्र बोलणं कळायची गरज नव्हती. धन्याच्या हातात दाणे दिसले, तिनं दाव्याला हिसका दिला, मान लांब केली आणि जीभ बाहेर काढली.

सावळीरामानं ओंजळ झटकन मागं घेतली. छातीशी धरली.

नाथाच्या सायकलवरची किटली तेवढी किणकिणली. सावळीरामानं आपल्या ओंजळीकडं पाहिलं, मग गाईकडं, मग सुनेकडं. त्याच्या हातांनी जे केलं होतं ते आता सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यानं स्वतःही. तो वळला, उकिरड्यापर्यंत गेला आणि ओंजळ उघडली. परत येऊन डबा उचलला आणि तोही नेऊन उपडा केला. ठमाबाईनं तिथूनच ओरडून सांगितलं की वर माती लोटा, नाहीतर कोंबड्या टिपतील. त्यानं पायानं माती लोटली.

मग तो ओसरीवर गेला. काल सोडलेली गोणी भिंतीशी होती. ती उचलायला जड होती, म्हणून फरफटत गोठ्यापर्यंत आणली, सुवर्णाच्या पाटाशेजारी उभी केली, आणि कोणाकडंही न बघता कॅन घेऊन निघून गेला. दूध नसलेला कॅन घेऊन तो कुठं चालला होता, ते त्यालाही माहीत नसावं.

त्याची पाठ वळताच रस्त्यावर हसण्याची उकळी फुटली. नाथा म्हणाला, काकू, तात्याला असं गप झालेलं मी पहिल्यांदा बघितलं. भाग्यश्री तर डोळे पुसत होती.

"हसू नका," ठमाबाई म्हणाली. "पाऊस काय आमच्याच रानात पडला? तुमच्या घरी काळ्या शेंगा कोणाच्या डब्यात गेल्यात, जाऊन बघा."

हसणं तुटलं. भाग्यश्रीनं किटली या हातातून त्या हातात घेतली. नाथानं सायकलचं पायडल पायानं उलटं फिरवलं, दोनदा, आणि सायकल ढकलत पुढं गेला. एकेक करून सगळे निघाले. डेअरीच्या वाटेला लागलेली एक बाई मात्र मध्येच थांबली, किटली तिथंच बांधावर ठेवली आणि भराभरा घराकडं परत फिरली.

गोठ्यात सुवर्णा खाली बसली. तिनं गोणीत हात घातला, एक शेंग काढली, ती उलटसुलट करून पाहिली आणि अंगठ्यानं दाबून फोडली.